सुजितच्या नंबरावर कमलेश

बोईसरच्या एमआयडीसीत मजूर पुरवणाऱ्या कैलास ठेकेदाराच्या ऑफिसात वर्षाराणी कॉम्प्युटरवर बसते. हजेरीचा प्रोग्राम तिनेच केलेला. त्यात माणसाचं नाव एकाच ठिकाणी, कामगारांच्या तक्त्यात. हजेरीत नुसता पासचा नंबर; नाव तिथून आपोआप उचललं जातं. "एकदा सुधारा, सगळीकडे सुधारतं," असं ती केवढ्या तोऱ्यात सांगायची! तेव्हा तिचा नवरा सुजित हयात होता. तोही याच ठेकेदाराकडे, पास नंबर ४१२.

एका रात्रपाळीला कारखान्यात गॅस सुटला आणि सुजित घरी आलाच नाही. वर्षाराणी रडली नाही. सरावली गावातल्या खोलीत दोघांचा भात लावायची, उरलेला टाकून द्यायची. लोक म्हणाले, बाई दगड झाली. म्हणोत बापडे! आत काही हलतच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

आज कैलासने डोंगरपट्ट्यातून आलेल्या कमलेशला तिच्या टेबलापाशी आणलं. "वर्षाताई, कंपनी नवे पास देत नाही. ४१२ रिकामा आहे, त्यावर याचं नाव चढवा."

इथली रीतच ती. माणूस गेला की त्याच्या नंबरावर दुसरा. मागचं कोण उघडून बघतंय? हाताला सवय होती. तिने सुजित खोडलं, कमलेश लिहिलं, सेव्ह केलं. आणि काय मनात आलं कोण जाणे, जुनी हजेरी उघडली.

सगळीकडे कमलेश. सुजितने दिवाळीत केलेली जादा पाळी कमलेशची. त्या रात्रीच्या ओळीतही कमलेशच. आत गेल्याची वेळ होती, बाहेर आल्याची जागा कोरी.

"ताई, झाला का पास? गाडी उभी हाय," समोरून कमलेश म्हणाला. चांगला धडधाकट, केसांना तेल चोपडलेला.

"थांब रे जरा!" तिने सुजितचं नाव परत लिहिलं.

"अहो ताई, पास एकच आहे!" कैलास वैतागला.

"पास द्या की त्याला. पण प्रोग्राममध्ये ज्याचा नंबर त्याचाच राहील. याला मी नवा देते, आजपासून या पासावरचे पंच त्यावर चढतील."

पास मोकळा करायला सुजितच्या नावापुढे 'कामावर नाही' निवडावं लागलं. ते तिने निवडलं. जुन्या हजेरीत सुजित परतला. कोरी जागा कोरीच राहिली.

कमलेश पास घेऊन पळाला. ती दारापर्यंत धावली.

"बाहेर येताना पंच कर रे! विसरू नको हां!"

"व्हय ताई!"

गाडी वळली, तरी ती दाराला धरून उभी होती. आता मात्र रडत होती.