मेंढीच्या लोकरीचा पिंपळ

भरतकाम करणाऱ्या बाईच्या अंगाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असतात. पदराला, निऱ्यांना, कधी कधी केसांतसुद्धा. किस्स्यांचंही तसंच आहे. मी काही ते गोळा करायला जात नाही. शनिवारी घरी आले की आमचे हे माझ्या पाठीवरचा हिरवा-निळा तुकडा काढतात, हातात देतात आणि विचारतात, "आज काय झालं?" काहीतरी झालेलं असतंच.

आमचं मंडळ चौघांचं. तेलगावात रुक्सानाचं मॅचिंग सेंटर आहे. पुढं अस्तर, लेस, फॉल, बटणं आणि मागच्या खोलीत आम्ही. शनिवारी माझी सकाळची शाळा सुटली की दुपारी तिथं जमतो. मी गणित शिकवते, त्यामुळं रुक्सानासकट सगळे मला बाईच म्हणतात. तिसऱ्या वत्सलाताई. तीस वर्षं उपकेंद्रावर नर्स होत्या, आता निवृत्त. चौथे सोपानराव, मेंढपाळ घरातले. बायकांच्या मंडळात हा माणूस कसा आला, तो किस्सा पुढं येईल.

ताईंच्या कामाबद्दल मात्र आधी सांगायला हवं. त्यांच्या वस्तीत नवं बुद्धविहार बांधायला घेतलं होतं. आतली एक भिंत कमिटीनं ताईंसाठी मोकळी सोडली. तिथं त्यांच्या हातचा बोधिवृक्ष लागणार होता, जाळीच्या कॅनव्हासवर लोकरीनं भरलेला, खिडकीएवढा मोठा. उद्घाटन बुद्धपौर्णिमेला. आणि नेमका त्याच सुमारास ताईंचा उजवा हात कापायला लागला. बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हाताला काम चालू ठेवा म्हणाले. हात पुढं किती साथ देईल, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

कमिटीचा अध्यक्ष ताईंचा भाचा. तो समजूतदारपणे म्हणाला, "आत्या, टेन्शन घेऊ नका. न्हाईच झालं तर फ्लेक्स लावू."

ताई चहा न घेता तिथून उठल्या आणि तडक आमच्याकडे आल्या.  मग म्हणाल्या, "फ्लेक्स! वाढदिवसाचा लावत्यात तसला?"

त्या दिवसापासून पिंपळ आधी की फ्लेक्स आधी, अशी शर्यतच लागली म्हणा.

* * *

लोकरीच्या लडीवर रंगाचा नंबर असतो. रुक्साना तो बघतसुद्धा नाही. बीडच्या ठोक दुकानदाराला ती फोनवर सांगते, कच्च्या चिंचेचा हिरवा दोन लडी, जुन्या माठाचा लाल एक, आणि तो बरोबर तेच पाठवतो. मला हे अजिबात पटायचं नाही. नंबर दिलेले असताना चिंच कशाला मध्ये आणायची?

ताईंच्या पानांसाठी चार प्रकारचे हिरवे हवे होते. म्हटलं, यावेळी ऑर्डर मी देते, शास्त्रशुद्ध. नमुन्याच्या कागदावर रंगांची यादी असते, ती बघून चार नंबर लिहिले, पुढं नुसतं 'हिरवा' लिहिलं आणि पाठवून दिलं. सोळा, अठरा, वीस, चोवीस.

पार्सल आलं. आत बटणं! चार मापांची, डझनावारी, हिरवी.

झालं होतं असं की यादीच्या पहिल्या रकान्यात नुसता अनुक्रमांक असतो आणि लडीचा नंबर दुसऱ्या रकान्यात. मी पहिला रकाना उतरवला होता. मुलांनी ही चूक केली असती तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं. सोळा, अठरा, वीस, चोवीस ही बटणांची मापं निघाली. दुकानदारानं वर फोन करून विचारलं, शर्ट कुणाचे शिवायलेत?

ताईंचे दोन शनिवार हिरव्याविना गेले. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, म्हणून जास्तच वाईट वाटलं. रुक्साना मात्र बोलली. "बाई, पुढच्या वक्ताला चिंचच सांगू."

* * *

माझीच लाज निघाली आहे तर मोराचंही सांगून टाकते. मॅटीच्या जाळीदार कापडावर फुलीचा टाका घालताना कापडाची चौघडी करून मधला बिंदू काढायचा आणि तिथून सुरुवात करायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी कोपऱ्यातून सुरू केलं. मधलं भोक शोधण्यात वेळ कशाला घालवायचा? मोजून भरतोय की!

पाय झाले, पिसारा झाला, पोट झालं, मान निम्मी झाली आणि कापड संपलं.

आमच्या ह्यांनी तो बिनडोक्याचा मोर उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "निदान ओरडणार तरी नाही." तो मोर सध्या मिक्सरवर असतो.

* * *

आता सोपानराव. ताईंच्या पिंपळाचं खोड अडून राहिलं होतं. हवी तशी काळसर तपकिरी लोकर ना माजलगावात मिळत होती ना बीडला. सलग तीन शनिवार आमचा तोच विषय. सोपानराव बायकोनं सांगून ठेवलेलं ब्लाउजचं अस्तर घ्यायला आले होते आणि दुकानाच्या पायरीवर बसून आमचं बोलणं ऐकत होते. गुडघा दुखावल्यामुळं ते त्या वर्षी कळपाबरोबर गेले नव्हते. भाऊ आणि बायको मेंढरं घेऊन बाहेर, आणि हे गावात रिकामे.

पुढच्या शनिवारी ते एक पोतं घेऊन आले आणि खोलीच्या मधोमध ओतलं. कातरलेली लोकर. तिच्यात गोखरूचे काटे, वाळलेल्या लेंड्या आणि असा वास की पुढच्या दुकानात लेस बघत उभी असलेली गिऱ्हाईकं लेस टाकून गेली.

रुक्सानानं नाकाला पदर लावला आणि हे काय आणलं भाऊ, म्हणाली.

सोपानरावांना राग आला. "म्हैना झाला, लोकर न्हाई लोकर न्हाई म्हणून रडायले तुमी. मग ही कशाची हाय?"

 ताईंनी मूठभर उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, रंग हाच पाहिजे. सोपानरावांच्या आईनं ती धुतली, पिंजली आणि चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, सूत काढून दिलं. सूत इतकं राठ की आमच्या सुयांच्या नेढ्यातून जाईना. मग ते दाभण घेऊन आले आणि दोन टाके घालून दाखवायला म्हणून बसले, ते अजून बसलेलेच आहेत. घोंगडीचे काठ शिवून शिवून त्यांचा हात असा बसला आहे की त्यांच्या टाक्याशेजारी माझा टाका ठेवायची मला लाज वाटते.

बोधिवृक्षाचं खोड मेंढीच्या लोकरीचं, ही बातमी वस्तीत गेली. कमिटीतल्या एका गृहस्थांना शंका आली, जिवाला त्रास देऊन घेतलेलं विहारात चालेल का? ताईंनी त्यांना नीट समजावलं. लोकर कातरली की मेंढीला उलट बरंच वाटतं, उन्हाळ्यात तर फारच. त्यांचं समाधान होईना, तेव्हा ताई म्हणाल्या, "मेंढीला इचारून घेतली हाय. तुमाला पायजे तर तुमी बी जाऊन इचारा."

* * *

हौशी माणसाचा खरा आजार म्हणजे अर्धवट काम. गणपती पोटापर्यंत, गुलाब पाकळीपर्यंत, आणि मग ते कपाटात. रुक्सानानं त्यावर औषध काढलं. गिऱ्हाईकांनी तिच्याकडे विसरलेली, फॉल लावायला दिलेल्या साडीबरोबर चुकून आलेली, असली सगळी अर्धी कामं दुकानात दोरीवर टांगली, प्रत्येकाला मागच्या बाजूनं मालकिणीच्या नावाची चिठ्ठी. लाज वाटेल आणि घेऊन जातील, असा हिशेब.

एक दिवस पोलीस पाटलांच्या वहिनी आल्या. दोरीवरच्या राघूजवळ थांबल्या. काय सुंदर हात आहे म्हणाल्या, रंग बघा, टाका बघा, आणि एवढं चांगलं काम अर्ध्यात सोडणारी ही आळशी बाई कोण? रुक्सानानं राघू उलटा करून मागची चिठ्ठी दाखवली. नाव वहिनींचंच होतं.

वहिनींनी राघूकडे पुन्हा एकदा पाहिलं. म्हणाल्या, "राहू दे की मग इथंच. चांगला दिसायलाय."

* * *

ताईंनी पानांचा टाका मोबाइलवरच्या व्हिडिओवरून उचलला. व्हिडिओ कुठल्या भाषेतला होता कोण जाणे. ताई आवाज बंद करून फक्त त्या बाईचे हात बघायच्या. दोन फांद्या भरून झाल्या, चांगलं महिन्याभराचं काम. सोपानरावांनी त्यावरून हात फिरवला आणि थांबले. खोलीतल्या उजेडात डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हाताला लागत होतं. बाकी सगळ्या झाडाचे टाके उजवीकडे कललेले, या दोन फांद्यांचे डावीकडे.

मग मी व्हिडिओ नीट पाहिला. ती बाई डावरी होती.

 नियमाप्रमाणं सगळं उसवायला हवं होतं. टाके उलटे पडले की उजेड त्यांच्यावर वेगळा पडतो आणि तेवढा भाग डोळ्याला खुपतो. पण पौर्णिमेला तीन महिने उरले होते आणि ताईंचा हात आता सुई ओवतानाही चुकायला लागला होता. उसवलं असतं तर फ्लेक्स ठरलेलाच.

ताईंनी कॅनव्हास दारात नेला, लांब धरून पाहिला, तिरका धरून पाहिला. मग परत येऊन बसल्या आणि सोपानरावांना विचारलं, "पिंपळाची पानं कधी समदी एकाच अंगाला वळल्याली बघितली का रे तू?"

सोपानराव न्हाई म्हणाले. तो विषय तिथंच संपला. आज त्या दोन फांद्यांवर उन्हाची तिरीप आली की पानं सळसळल्यासारखी वाटतात, आणि लोक ताईंना विचारतात हे मुद्दाम कसं साधलं. ताई नुसतं हसतात.

* * *

चित्र वेळेत लागलं, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचं सगळं लक्ष तिकडेच राहील. विहारात गेलात तर उजव्या भिंतीवर आहे. फ्लेक्स कुठंही नाही.

पण पौर्णिमेला दहा दिवस असताना खालचा एक कोपरा, तळहाताएवढा, कोरा होता, आणि ताईंचा हात पार गेला होता. त्या शनिवारी ताई एका भोकात सुई घालायचा प्रयत्न करत होत्या. सुई भोकाच्या आजूबाजूला नुसती टकटक करायची. मी गणिताची बाई, पण किती वेळा चुकली ते मोजवेना. रुक्साना कात्री शोधते म्हणून पुढं निघून गेली. कात्री तिच्या हातातच होती.

मी ताईंना म्हणाले की एवढंच तर राहिलंय, आणा, मी भरते. तुमच्यासारखाच टाका घालीन, कुणाला कळणारसुद्धा नाही.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "बाई, तीस वर्सं नोकरी केली. माझी सुई दुसऱ्याच्या हातात दिली न्हाई कधी. कुणाला कळणार न्हाई म्हणता, पण मला कळंल का न्हाई?"

मला रडू आलं, लपवत नाही.  सोपानराव उठले. त्यांनी ताईंच्या मांडीवरून कॅनव्हास ताणून बसवलेली चौकट उचलली आणि टेबलावर उभी धरली, ताई या बाजूला आणि ते समोर. ताईंना दोन्ही कोपरं टेबलावर घट्ट रोवायला सांगितली आणि सुई दोन्ही हातांनी धरायला लावली. तशी धरल्यावर सुई बरीचशी स्थिर राहिली. थोडी थरथरत होती, पण जागा सोडत नव्हती. पलीकडून ओढून घेताना हात कापला तरी बिघडत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"सुई तुमीच धरा," सोपानराव म्हणाले. "भोक मी आणतो तिच्यापशी."

एवढं बोलले खरं, आणि चौकट धरून जागच्या जागी गोठले. काही वर्षांपूर्वी त्यांना कुत्रं चावलं होतं. तेव्हाची सगळी इंजेक्शनं वत्सलाताईंनीच दिली होती, आणि प्रत्येक वेळी हा धिप्पाड माणूस टुणकन उडायचा आणि ताईंच्या शिव्या खायचा. आता समोर त्याच ताई, सुई रोखून बसलेल्या. लोकरीची बोथट सुई ती, पण सोपानरावांनी श्वाससुद्धा धरून ठेवला होता.

 ताई म्हणाल्या, "सोपान, जल्मभर समद्यायला म्हणत आले, हलू नको. तू हल आता."

सोपानरावांनी चौकट पुढं आणली. सुई भोकात गेली. ताईंनी कडेनं हात घालून ती पलीकडून ओढून घेतली, मागोमाग लोकर सरसरत आली आणि टाका बसला.

ताईंनी कोपरं पुन्हा टेबलावर रोवली, सुई दोन्ही हातांत धरली आणि मान वर न करता म्हणाल्या, "चला, पुढचा."