सुलाबाईंची सुई

सुलाबाई शेडग्यांचं कुणाशी पटत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. रहिमतपूरच्या दिरांनी उसाचं रान सांभाळायला घेतलं आणि भावजयीला सांभाळायचं तेवढं विसरले. मग बाई मॅट्रिकचा दाखला घेऊन सांगलीला आल्या आणि विद्यापीठाच्या केंद्रातल्या ग्रंथालयात हंगामी मदतनीस म्हणून चिकटल्या. हंगामी म्हणजे दर सत्राला साहेबापुढं नव्यानं हात जोडायचे. सुलाबाईंचे हात जोडले जात नसत. म्हणून त्यांना एकच गोष्ट हवी होती : कायम होणं.

कायमची जागा आली तीही एकच. आणि त्याच महिन्यात साताऱ्याहून चंद्राबाई आल्या. पुण्याचा ग्रंथालयाचा डिप्लोमा, वीज मंडळातला नवरा, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, आवाज दुधावरच्या सायीसारखा. सुलाबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना खिडकीजवळची मोडकी खुर्ची दिली.

तोवर ग्रंथालयाचा कारभार एका जाड वहीवर चाले. पुस्तक कुणी नेलं हे शोधायला निम्मा दिवस जाई, आणि सापडलं तरी नेणारा पास होऊन गेलेला असे. विद्यापीठानं कळवलं, खरेदीपासून देवघेवीपर्यंत सगळं सांभाळणारी एकच पद्धत निवडा, दसऱ्यानंतर समिती बघायला येईल. ग्रंथपाल आप्पासो मगदूम हे दोन भाज्यांतली एक निवडायची झाली तरी घरी बायकोला विचारून येणारे गृहस्थ. त्यांनी ग्रंथालयच दोघींत अर्धं अर्धं वाटलं; जिची पद्धत ठरेल तिची कायमची जागा.

साहित्य-इतिहासाकडं चंद्राबाईंची तिकिटांची पद्धत. प्रत्येक पुस्तकाला आतून कागदी खिसा, खिशात पुस्तकाचं कार्ड. वाचकानं आपलं तिकीट द्यायचं, पुस्तकाचं कार्ड त्यात घालून पेटीत तारखेप्रमाणं लावायचं.

विज्ञानाकडं सुलाबाईंची सुई. एका प्राध्यापकांनी विलायतेहून ती कार्डं आणली होती. चारी कडांना भोकं, प्रत्येक भोकाला एक अर्थ. एकेक विषयाचं, एक खरेदीचं, एकेक परतीच्या आठवड्याचं. जे लागू असेल ते भोक चिमट्यानं कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्याच्या त्या भोकातून लांब सुई घालून उचललं की कापलेली कार्डं तेवढी खाली पडत, बाकीची सुईवर राहत. लष्कराच्या वसाहतीत असताना सुलाबाईंनी स्वेटर विणून विणून बोटं तयार केली होती. त्यांच्या हातात ती सुई अशी फिरे की पोरं उगाच बघायला थांबत.

"सुलाबाई, स्वेटर कधी पुरा व्हायचा?" चंद्राबाई गोड हसून विचारत.

"तुमच्या खिशांना गुंड्या लावून झाल्या की!"

पावसाळ्यात कार्डं मऊ पडली. चंद्राबाई एकदा टेबलाशी येऊन म्हणाल्या, "भोकांच्या कडा जपायला हव्यात हं. मागून जाड कागदाची पट्टी डकवली तर..."

"डिप्लोमा तुमच्या घरी ठेवा," सुलाबाई म्हणाल्या, "ताटाखाली घ्यायला बरा पडंल."

शिपाई दस्तगीर हसला. पोरं हसली. चंद्राबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर त्यांनी त्या टेबलाकडं पाऊल टाकलं नाही.

खंडेनवमीला ग्रंथालय धुऊन काढलं. कपाटांना झेंडूची तोरणं लागली. आप्पासोंच्या बायकोला ताप होता, म्हणून ते हॉलमध्ये उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "चंद्राबाई, तुम्ही सवाष्ण आहात. सगळ्या टेबलांवर हळदकुंकू तुम्हीच वाहा."

सुलाबाई तिथंच फडकं पिळत होत्या. आप्पासोंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. बघून टाळलं असतं तर एक वेळ चाललं असतं.

चंद्राबाई तबक घेऊन निघाल्या. टंकयंत्र झालं, कात्री झाली, तिकिटांच्या पेट्या झाल्या. ओल्या कुंकवाची बोटं उमटत उमटत विज्ञानाकडं आली.

"माज्या टेबलाला हात लावायचा न्हाई."

"अहो, हत्यार आहे ते. पूजा नको?"

"वल्या कुंकवानं कार्डं भिजत्यात."

हे खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. आपलं हत्यार, आपल्या बोटांची करामत, आणि त्याला कुंकू लावणार ती! सुलाबाईंनी कार्डांचा गठ्ठाच उचलला. सुईचा पत्र्याचा डबा आणि लोखंडी चिमटाही तिच्या हाती लागू नये म्हणून गठ्ठ्यालाच करकचून बांधले. आता हे सगळं टांगायचं तर सुतळी ओवायला असं भोक हवं, जे एकाही कार्डाला कापलेलं नाही. असं एकच होतं, कोपऱ्यातलं. पुस्तक हरवल्याचं. सुलाबाईंच्या कपाटातलं एकही पुस्तक हरवलेलं नव्हतं आणि त्यांना त्याचा ताठा होता. सुतळी त्यातून ओवून त्यांनी ते गाठोडं खिडकीवरच्या उंच खिळ्याला लटकावलं.

"बाई, कांदं टांगताय का काय?" दस्तगीरनं विचारलं.

"व्हय. तुज्या डोळ्यात पानी यावं म्हनून."

चंद्राबाई तबक हातात धरून बघत होत्या. त्यांची नजर गाठोड्यावर गेली, सुतळीवर गेली, खाली लोंबणाऱ्या चिमट्यावर थांबली. ओठ हलले. मग त्या वळल्या आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या.

दसऱ्याची सुट्टी संपली. समिती ठरल्या वेळेआधीच दारात. सुलाबाईंनी घाईनं स्टूल लावून गठ्ठा हिसका देऊन काढला, दोऱ्या सोडल्या, कार्डं नीट थोपटून पेटीत बसवली. सुई हातात आली तशी बोटं ठाम झाली. विषय विचारला, काढून दिला. मुदत संपलेली पुस्तकं विचारली, चार कार्डं अलगद खाली पडली. समितीतले टोपीवाले गृहस्थ पुढं वाकले. "वा!" म्हणाले. आप्पासोंनीही मान डोलावली. खिडकीजवळ चंद्राबाई आपल्या पेटीतली सरळ असलेली तिकिटं पुन्हा सरळ करत होत्या.

"आणि हरवलेली?" टोपीवाल्यांनी सहज विचारलं.

"माज्याकडं एक बी न्हाई," सुलाबाई म्हणाल्या. "बघा की."

त्यांनी कोपऱ्यातल्या भोकात सुई घातली आणि डौलानं वर उचलली. सगळा गठ्ठा सुईबरोबर वर यायला हवा होता; सुई तेवढी वर आली. कार्डं पेटीत होती तिथंच, आणि कडेची काही घसरून जमिनीवर पसरली. सुईवर एक अडकून होतं. तेही पडलं.

"अहो बाई," टोपीवाले म्हणाले, "ही तर अख्खं ग्रंथालय हरवलं म्हणते!"

सगळे हसले. आप्पासो सगळ्यांत मोठ्यानं हसले. सुलाबाईंनी वाकून एक कार्ड उचललं. कोपऱ्यातलं भोक थेट कडेपर्यंत फाटलेलं होतं, आणि फाटीत सुतळीचा तंतू होता.

समिती चहाला गेली तशी त्या तडक खिडकीशी गेल्या.

"तुला दिसलं हुतं."

"दिसलं होतं," चंद्राबाई म्हणाल्या. "चिमट्याचं वजन भोकांवरच येत होतं. ती दमट कार्डं सुट्टीभर टिकणार नव्हतीच, उरलीसुरली हिसक्यानं फाटली."

"मग तोंडात काय हुतं तुज्या? पेढा?"

"बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

सुलाबाईंनी "व्हय" म्हणायला तोंड उघडलं. त्यांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांच्यातला आणखी एक दोष.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "पर तू तेच्यासाठी गप्प बसली न्हाईस."

चंद्राबाई पुन्हा तिकिटं सरळ करायला लागल्या.

तिकिटांची पद्धत ठरली. जागाही तिच्याबरोबर गेली. सुलाबाई हंगामीच राहिल्या आणि चंद्राबाईंच्या हाताखाली आल्या. काम काय, तर विज्ञानाच्या पुस्तकांना खिसे डकवायचे. सुलाबाई घरून खळ शिजवून आणत. एक खिसा वाकडा नाही, एक कोपरा सुटा नाही. चूक काढायला चंद्राबाईंना जागा मिळू द्यायची नाही, एवढंच त्यांचं सूड घेणं. दोघींमध्ये एक टेबल होतं. निरोप दस्तगीरमार्फत जात.

सुई मात्र सुलाबाईंनी घरी नेली. कुणी मागितली नाही.

पुढच्या खंडेनवमीला चंद्राबाई तबक घेऊन निघाल्या, तेव्हा सुलाबाईंनी पिशवीतून ती सुई काढून टेबलावर ठेवली. कुणी काही म्हणायच्या आत तबकातल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि सुईवर ओढला, चांगला ओला, लांबलचक. आप्पासो छताकडं बघू लागले.

चंद्राबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, ओलं आहे. पुसून ठेवा, गंज धरेल."

"धरू दे," सुलाबाई म्हणाल्या. "माजी हाय."