दारात वाकणारा राक्षस

दार कितीही उंच असो, तो मान खाली घालूनच आत यायचा. नाट्यगृहाच्या दारातून उसाची ट्रॉली सहज गेली असती, तरी तिथेही हा वाकला. मी म्हटलं, "अरे, हत्ती जाईल इथून." तर म्हणाला, "सवय व्हई गयी, भाऊ."

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. लोक लांबून त्याला निरखून घेतात आणि तो जवळ आला की मोबाइलमध्ये डोकं घालतात. आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात तो होता. ताडमाड उंच, आणि लहानपणी भाजल्यामुळे अर्धा गाल आक्रसलेला. एका शेठजींच्या डाळ मिलमध्ये पोती उचलायचा, माझ्या दुकानामागच्या खोलीत एकटा राहायचा. आई दोंडाईच्याला, मिरच्या खुडायला जायची.

मी शिंपी. संध्याकाळी हौशी नाटकांची रंगभूषा करतो. कापडावर असो की चेहऱ्यावर, टाके घालणं माझंच काम. त्या वर्षी कॉलेजात शिकवणारे एक सर नाट्यस्पर्धेसाठी एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरून नाटक बसवत होते. एक शास्त्रज्ञ मेलेल्यांचे अवयव जोडून माणूस घडवतो, त्यात जीव घालतो, आणि त्याने डोळे उघडताच त्याच्या रूपाला घाबरून त्याला टाकून पळतो. सरांना राक्षस मिळत नव्हता. माझ्याकडे कोटाचं माप द्यायला आले, मागच्या खोलीतून हा वाकून बाहेर आला आणि त्यांनी माप अर्ध्यावर सोडलं.

सरांनी मेहनत घेतली, खोटं कशाला बोलू? उभं कसं राहायचं, श्वास कुठे घ्यायचा, हुंदका कसा अडवायचा, सगळं हात धरून शिकवलं. त्याच्याशी इतकं कोणी आजवर बोललंच नव्हतं. महिन्याभरात गडी असा खुलला की पोती उचलतानाही संवाद म्हणायचा. शेठजी म्हणे कावले होते.

फक्त एका ठिकाणी तालीम अडायची. शास्त्रज्ञ पळाला की हा जमिनीवर पडल्या पडल्या डोकं वर काढायचा.

"पन सर, तो पळस कसाले?"

"अरे, हा भयानक दिसतो म्हणून."

"बनाडतांना दिसनं नही का त्याले?"

सगळे हसायचे. सरही हसायचे आणि म्हणायचे, "तू पड रे गुपचूप." तो पडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

स्पर्धेच्या प्रयोगाला त्याची आई दोंडाईच्याहून पॅसेंजरने आली. एवढीशी बाई, लुगड्याला मिरचीचा वास. मी तिला पुढे बसवलं. पडदा उघडला, राक्षसाने डोळे उघडले, शास्त्रज्ञ किंचाळून पळाला. रंगमंचावर हा एकटा, कमरेला फडकं, थरथरत पडलेला. आणि म्हातारी उभी राहून ओरडली, "अरे भाऊ, पोऱ्या उघडा पडेल शे! काहीतरी पांघराले दे ना त्याले!"

नाट्यगृह खदखदून हसलं. मग हळूहळू हसू विरलं, आणि पुढचा सगळा प्रयोग लोकांनी न खोकता पाहिला. अभिनयाचं बक्षीस त्यालाच मिळालं. आई मात्र मला विचारत होती, "बठ्ठा कसाले हासनात?" सगळे का हसले, एवढंच तिच्या मनात अडकलं होतं.

त्या बक्षिसानंतर सरांना पुण्यात मालिकांचं काम मिळालं. जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्यासाठी रोल आहे. बोलावतो."

झालं. तेव्हापासून याचं एकच वाक्य. मिलमधून आल्यावर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचा, मोबाइल मांडीवर ठेवायचा. "सर बलावतीन." आई गावी बोलवायची, हा जायचा नाही, कारण सरांना पत्ता इथला माहीत. दुसऱ्या मंडळींनी छोटी कामं देऊ केली, तीही नको. मी चिडवायचो, नंतर चिडवणं सोडून दिलं.

अखेर सर आले, जळगावात त्यांचा सत्कार होता म्हणून. याने मला शर्टाला इस्त्री करायला लावली. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून वाट काढत तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. सरांच्या हातावर सत्काराच्या शालींची चळत.

"अरे, आमचा राक्षस!" सर मोठ्यांदा म्हणाले. "काय बरं तुझं नाव? असू दे. तो चेहरा कर ना एकदा."

त्याने केला. लोकांनी सेल्फी घेतल्या. सर गाडीत बसले, गाडी गेली.

आम्ही रिक्षाने परतलो. तो बाहेर बघत म्हणाला, "सरले मन्हं नाव याद नही, भाऊ." मी त्याचा हात धरून ठेवला.

मग त्याला ताप भरला. कामावर गेला नाही, जेवेना, बोलेना. मी त्याच्या आईला फोन लावला.

आता त्या खोलीत मोबाइल दुरुस्त करणारा एकजण राहतो. ताठ मानेने आत-बाहेर करतो. संध्याकाळी पायरी रिकामी असते आणि मला करमत नाही. तरी तो गेला ते बरं झालं असं मी म्हणतो, कारण त्याला जाताना मी पाहिलंय.

म्हातारी सकाळच्या गाडीने आली होती, हातात गोधडी. "चाल, घर जाऊत," एवढंच म्हणाली. रस्त्यावर चांगलं ऊन होतं. रिक्षापाशी तिने गोधडी उलगडली, पण तिचा हात त्याच्या खांद्याला पुरेना. मोकळ्या रस्त्यावर, डोक्यावर चौकट नसताना, तो खाली वाकला. तिने ती त्याच्या अंगावर घातली आणि गळ्याशी नीट आवळली.