शेंडीचं बदक आणि लाल रेघ

येरवड्याच्या पुलाजवळची नदी मला पाठ आहे. तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे मत मांडताना माझा आवाज आपोआप चढतो. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी आम्ही सोसायटीतल्या चारपाच जणी काठावर पक्षी मोजतो. नियम एकच: दोघींनी पाहिल्याशिवाय वहीत नोंद नाही. वही अर्थातच माझ्याकडे.

गेल्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई पहिल्यांदा आल्या. नागपूरच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. दुर्बीण डोळ्याला लावली आणि ओरडल्याच, "मॅडम, शेंडीचं बदक! काळं, कुशीला पांढरं!" उत्साहाच्या भरात माझ्या हातची वही घेऊन लिहूनही मोकळ्या झाल्या. मी पाहिलं तर नुसतं काळं पाणी आणि जलपर्णी. "अहो, बुड्या मारणारं बदक या गटारात? पाणकावळा असेल," म्हटलं आणि सवयीने लाल पेनाने नोंदीवर काट मारली. बाकीच्या हसल्या. गटार म्हणे! याच पाण्यावर शेकाटे आणि धोबी हे पक्षी पोट भरतात, हे मुलांना घसा फोडून सांगणारी मीच. पुढच्या रविवारपासून त्या आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की नुसती मान हलवायच्या.

यंदा एका रविवारी बाकीच्या लग्नाला गेल्या होत्या, मी एकटीच काठावर. समोर काळं बदक, पांढरी कूस, डोक्यामागे लोंबती शेंडी, पिवळाधमक डोळा. बघता बघता गडप! मी खिळून उभी. बऱ्याच वेळाने ते भलतीकडेच वर आलं. गेल्या वर्षीही ते पाण्याखालीच असणार आणि मला तेवढा दम निघाला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तडक घरी येऊन त्यांची बेल वाजवली. "चला लवकर, शेंडीचं बदक आलंय."

"पाणकावळा असन ना जी," त्या शांतपणे म्हणाल्या.

"चुकलं माझं. हवं तेवढं बोला, पण आधी चला."

त्यांनी चपला घातल्या.

काठावर पोचलो तर पाणी रिकामं. या वेळी मी तोंड मिटून थांबले. त्यांनीच बोट दाखवलं. एक नाही, दोन होती. मी नोंद केली, गेल्या वर्षीचं पान उघडलं आणि म्हटलं, "ही काट आता रद्द करते."

त्यांनी पानावर हात ठेवला. "राहू द्या. त्या दिवशी मी एकटीनंच पाह्यलं होतं. नियम म्हणजे नियम. ही रेघ तशीच ठेवा, मॅडम. कोणी नवी बाई आली, का आधी तुम्हीच उघडून पाहा."