खरूज नाही, इसब!

मैत्रिणींनो, आत्ताच शारजाहून दावत आटोपून आले आणि डोकं अजून तापलेलं आहे.

माझ्या हातांना वीस वर्षं इसब आहे. पाच महिन्यांपासून जपानी जडीबुटीच्या पुड्या घेतेय. त्या देण्याआधी डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली, पोट दाबलं, पाय गार पडतात का तेसुद्धा विचारलं. आता हात बरेच सुधारलेत, अल्हम्दुलिल्ला.

आज आम्ही बायका एका मोठ्या थाळ्याभोवती बसलो. मी बिर्याणीला हात घालणार, तेवढ्यात आमची खाला, म्हणजे मावशी, सगळ्यांसमोर म्हणाली, "थांब गं, तुला वेगळी प्लेट देते. खरूज आहे ना तुला?"

माझी लेक तडकली, "इट्स एक्झिमा! इट डझन्ट स्प्रेड!" पण ऐकतंय कोण? मी कोपऱ्यात एकटी जेवले.

निघताना तीच खाला दारात हळूच म्हणते, "त्या जपानी पुड्या चार दे ना मला. गुडघे दुखतात. हर्बल है, क्या होगा?"

अगं, जीभ माझी तपासली, तुझे गुडघे नाही!

आणि सांगा बरं, माझा जो हात थाळ्यात चालत नाही, त्याच हातातली पुडी कशी चालते?