आज्याची मिस्सा कुणाच्या पत्त्यावर

आमच्या घरात माणूस मेला तरी त्याचं नाव मरत नाही. पहिल्या नातवाला आज्याचं नाव लावायचं, ही वसईच्या आम्हा ख्रिस्ती लोकांची जुनी रीत. त्यामुळे माझ्या पप्पांचं नाव त्यांच्या आज्याचं. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. पण आमच्या आळीत आडनावं दोन-तीनच, आणि कुंपणापलीकडच्या घरातही तोच संत लाडका. म्हणजे पलीकडच्या काकांचं नाव पप्पांचंच, त्यांच्या आज्याचंही तेच आणि आडनावही तेच. मग ओळखायचं कसं? तर आम्ही सुकेळीवाले, कारण आमच्याकडे केळी उन्हात वाळवून सुकेळी करायचे. आणि ते पानमळेवाले, कारण त्यांच्याकडे विड्याच्या पानांचे वेल. अख्ख्या गावाला हे पाठ होतं. फक्त चर्चच्या दप्तरात कोणी लिहून ठेवलं नाही.

या दोन सारख्या नावांचं आपसात बोलणं बंद आहे, हे मला कळायला लागल्यापासून माहीत. कारण विचारलं की पप्पा एकच शब्द सांगत, कुंपण. ते कुंपण शेराच्या झुडपांचं होतं आणि गुरांनी केव्हाच तुडवून टाकलं होतं. भांडण मात्र कोणी तुडवलं नाही.

मागच्या वर्षी पप्पांच्या हृदयात स्टेंट बसवला. घरी येतील ते जरा शांत होऊन येतील, असं आम्हाला वाटलं. कसलं काय. पलंगावर टेकता टेकता त्यांनी फर्मान सोडलं, की घरच्या कबरीवर आज्याच्या नावाची पाटी बसवायची, जन्मतारखेसकट. पप्पांचे वडील लवकर वारले, त्यामुळे त्यांना अगदी लहानपणी सांभाळलं ते आज्यानेच. आता आपली नि आज्याची भेट जवळ आली, असं पप्पांच्या मनाने घेतलं होतं. भेटल्यावर आजा विचारणार, माझ्यासाठी काय केलंस? त्याचं उत्तर पप्पांकडे तयार होतं. दर जानेवारीत आज्याच्या मृत्युदिनी ते चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा द्यायचे, म्हणजे त्याच्या नावाने प्रार्थनाविधी करवून घ्यायचे. एक वर्ष चुकलं नाही. ताप असला तरी मफलर गुंडाळून पहिल्या बाकावर हजर.

जन्मतारीख शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी वालीवला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब लिहिते, आणि ज्याला हिशेबाच्या नोंदी वाचता येतात त्याला जगातल्या सगळ्या नोंदी वाचता येतात, असा पप्पांचा समज आहे. चर्चच्या जुन्या नोंदी पोर्तुगीज नि लॅटिनमध्ये. लिहिणाऱ्या फादरांना शाई वाचवायची होती की जागा, देव जाणे; कोळ्याने शाईत पाय बुडवून फेरफटका मारावा तसं अक्षर. कार्यालयातल्या बाई आधी माझे हात बघायच्या, मग वही द्यायच्या. मी शिंकले की वही माझ्यापासून लांब सरकवायच्या.

पप्पांच्या आज्याच्या, म्हणजे माझ्या पणज्याच्या नावाचे बाप्तिस्मे निघाले ढीगभर. त्या काळात गावात दुसरं नावच सुचत नव्हतं की काय! वयात बसणारे चाळून चाळून दोन उरले. मृत्यूच्या नोंदीही दोनच, एक जानेवारीतली आणि एक ऑगस्टमधली. जानेवारीची बघून मी खूश झाले, कारण तारीख पप्पांच्या मिस्सेचीच होती. खूश होऊन घरी निघाले आणि वाटेत रिक्षातच माझं डोकं फिरलं.

पप्पांना आज्याची अंत्ययात्रा आठवते. तेव्हा ते एवढेसे पोर होते. ते सांगतात, धो धो पाऊस, खड्ड्यात गुडघाभर पाणी, आणि कोणाच्या तरी खांद्यावर बसून ते स्वतः सुकेळं चोखतायत. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की तिचा विचार करायची गरजच पडली नाही. जानेवारीत पाऊस कुठला, असं लहानपणी मी एकदा विचारलं होतं. अवकाळी, म्हणून त्यांनी मला गप्प केलं. मग तारीख मिळाली कुठून? तर तरुणपणी त्यांनी चर्चच्या कार्यालयात आज्याचं नाव सांगितलं, तिथून ही तारीख मिळाली, झालं. नाव तेच आहे ना? मग आणखी काय बघायचं!

खात्री करायला मी माणिकपूरच्या एका जुन्या वाचनालयात जाऊन बसले. तिथे आमच्या समाजाच्या एका बंद पडलेल्या वर्तमानपत्राचे गठ्ठे आहेत. मी शनिवारमागून शनिवार तिथे घालवले. निम्मा वेळ भलत्याच बातम्यांत गेला. कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या लग्नात बँडवाले रुसून निघून गेले, एका दुधी भोपळ्याची तर लांबी दिली होती. शेवटी जानेवारीतली निधनवार्ता सापडली. पणज्याचं नाव, आडनाव, गाव, आणि पुढे छापलं होतं, की पानमळ्याचे प्रसिद्ध मालक.

आली की नाही कपाळावर हात मारायची वेळ! माझ्या बापाने आयुष्यभर ज्याच्याशी अबोला धरला, त्याच्याच आज्याला स्वर्गात चढवायला दरसाल मिस्सा दिल्या होत्या.

पप्पांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. जेवणही नको म्हणाले. फादर घरी आले, त्यांनी समजावलं की देव मनातला हेतू बघतो, तारीख बघत नाही. पप्पांनी मान डोलावली, आणि फादर फाटकाबाहेर पडल्यावर मला म्हणाले, "नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. तारीख हाच पत्ता ना? पत्ता चुकला की कुरियर शेजारीच जानार. माझा आजा अजून खालीच ताटकळतोय." स्वर्गात जाण्याआधी आत्मे जिथे थांबतात त्या शुद्धिस्थानाला ते कायम 'खाली' म्हणतात. एवढा ताठ माणूस, पण हे बोलून पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. कशाला गेले मी ती म्हैस नि भोपळे वाचायला?

दुसऱ्या दिवशी मी पप्पांना न विचारता कुंपण ओलांडलं. म्हटलं, निदान ज्यांना फुकटात माल मिळाला त्यांना तरी कळू दे. काका ओट्यावर वाल सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं, तशा त्यांच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या.

"म्हनजे ती मिस्सा माझ्यासाठी नव्हती?" ते म्हणाले.

मला आधी काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. कुंपणावरून बाचाबाची झाली, त्यानंतरच्या जानेवारीत चर्चमध्ये मृतांची नावं वाचताना यांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव ऐकलं, आडनावासकट, आणि पहिल्या बाकावर पप्पा बसलेले. पप्पांचा आजा भर पावसात गेला हे काकांना पक्कं आठवत होतं, कारण ते पप्पांहून थोडे मोठे. मग जानेवारीत मिस्सा कोणाची? स्वतःचा आजा गेला तेव्हा हे पाळण्यात, आणि त्याची तारीख यांना ठाऊकच नव्हती, कारण त्यांच्या घरी नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवशी सगळ्यांचं एकदमच उरकायचे. तेव्हा काकांनी सरळ अर्थ काढला, की सुकेळीवाला मला जिवंतपणी पोचवतोय. कुंपणाचं भांडण ते महिन्याभरात विसरले असते, पण हे कसं विसरणार? म्हणून दरवर्षी त्या दिवशी ते मुद्दाम चर्चमध्ये येऊन, आपलं नाव वाचलं की मोठ्याने खोकायचे. आपण आहोत हे गावाला कळावं म्हणून. आणि इकडे पप्पा घरी येऊन चडफडायचे, की या पानवाल्याला नेमकं माझ्या आज्याच्या मिस्सेलाच खोकायला होतं.

मी ओट्यावर बसले आणि पोट धरून हसले. काका हसले नाहीत. काठी घेऊन उठले आणि माझ्या आधी आमच्या घरात शिरले.

पप्पा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काका खुर्ची ओढून बसले. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मग काकांनी विचारलं, की तुझा आजा नि माझा आजा भरतीला खाडीवर चिंबोऱ्या पकडायला जोडीने जायचे, ते ठाऊक आहे का? पप्पा भिंतीलाच म्हणाले, की ऐकलंय.

"एकाला सोडून दुसरा कधी घरी आला नाय," काका म्हणाले. "तुझ्या मिस्सांनी माझा आजा वर पोचला असंल, तरी तुझ्या आज्याशिवाय आत जाईल का तो? दारातच बसला असंल बघ, वाट बघत."

पप्पांनी कूस बदलली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काकांच्या तोंडाकडे नीट बघितलं. डोळे भरलेले होते. मला वाटलं, आता गळ्यात पडतील.

"म्हनजे दोघंही अजून बाहेरच?" ते म्हणाले.

काकांचा चेहरा पार उतरला. हा विचार त्यांनी केलाच नव्हता. ते एकदम उठले, पप्पांना हाताला धरून उठवलं आणि पायांनी त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. संध्याकाळची मिस्सा सहाची असते. मी चहा गाळून बाहेर येईपर्यंत दोघे रस्त्याला लागले होते, आणि सारख्या नावाच्या त्या दोन म्हाताऱ्यांकडे मिळून एकच काठी होती.