तांडेलांवर मी माइकवरून ओरडलो

मंडळींनो, आज मंडळाच्या फळ्यावर माझी बातमी आहे, कोणी पुसायची नाही!

दुपारी बोईसरच्या आमच्या हॉस्पिटलात दातिवऱ्याचे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान, आले. हो, माझ्या रंजनाचे बाबा! "कॉलेज अर्धवट सोडणाऱ्याला पोरगी देणार नाय," असं मला दारातूनच ऐकवणारे. बोटीवर घसरून त्यांचं डोकं आपटलं होतं, उलट्या थांबत नव्हत्या. आत रक्तस्राव झालाय का, ते सीटी स्कॅनमध्येच दिसणार होतं.

आणि कॉलेज सोडून टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला, मशीन चालवणारा मी!

मला बघताच तांडेल उठून बसले. "याच्या हाताखाली मी झोपणार नाय!" रंजनाने त्यांना कसंबसं आडवं केलं, पण मान काही स्थिर राहीना. डोकं जरा हललं तरी फोटो पुसट येतो. दोनदा तसंच झालं. डॉक्टर म्हणाले, "जाऊ दे, मुंबईला पाठवू." रंजनाला रडूच फुटलं.

माझं टाळकं सरकलं. काचेमागून माइकवर ओरडलो, "तांडेल, बोटीवर तुमचा हुकूम, इथे माझा! अजिबात हलायचं नाही!"

तांडेल अगदी ओंडक्यासारखे पडून राहिले. फोटो लख्ख आले आणि रक्तस्राव नव्हता!

बाहेर नेताना त्यांनी माझं मनगट पकडलं. "माज्यावर ओरडायची आजवर कोणाची हिंमत झाली नाय. रविवारी बापाला घेऊन ये घरी."

जिंकलो रे! फक्त एक सांगा, आमच्या बाबांना कसं तयार करू? त्यांच्यावर ओरडायची माझी हिंमत नाही.